एच. पायलोरीचा कोर्स केला की अंगावरच्या गांधी जातील का?

जातीलही, पण त्या भरवशावर राहू नका. दीड वर्ष गांधी उठतायत, रक्ततपासणीत एच. पायलोरी (जठरात राहणारा जिवाणू) पॉझिटिव्ह आलाय, असं तुम्ही लिहिलंय. मीही यातून गेलोय.

आपल्याकडे आंबट ढेकरही पित्त आणि अंगावर उठतं तेही पित्त. त्यामुळे रिपोर्ट हातात पडल्यावर मला वाटलं, चोर सापडला! पण हा जिवाणू जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात असतो आणि त्यातल्या बहुतेकांना खाजबिज काही नसते.

शिवाय रक्तातल्या अँटीबॉडी जुना, संपलेला संसर्गही दाखवतात. म्हणून श्वासाची (युरिया ब्रेथ टेस्ट) किंवा शौचाची अँटिजेन तपासणी करून घ्या. डॉक्टरांना विचारून त्याआधी 2 आठवडे पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या आणि 4 आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवावी लागतात, नाहीतर संसर्ग असूनही निगेटिव्ह येतं. माझी पहिली टेस्ट अशीच वाया गेली, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

जुनाट गांधींमध्ये बऱ्याचदा आपल्याच अँटीबॉडी त्वचेतल्या मास्ट पेशींना चेतवतात आणि त्या हिस्टामिन (खाज आणि सूज आणणारं रसायन) सोडतात. पोटातला जिवाणू प्रतिकारशक्तीला डिवचून यात भर घालत असावा, असा तर्क आहे. तर्कच. काही अभ्यासांत जिवाणूवरच्या उपचारानंतर गांधी कमी झाल्या, काहींत ढिम्म फरक नाही. त्यात हा आजार अनेकांचा आपोआपही ओसरतो, मग श्रेय द्यायचं कुणाला?

मी अँटिबायोटिकचा 14 दिवसांचा कोर्स केला. तोंडाला सतत धातूची चव, जेवण नकोसं. नंतरची तपासणी निगेटिव्ह आली, गांधी मात्र उठतच राहिल्या. त्या विरळ झाल्या सात-आठ महिन्यांनी.

तरीही संसर्ग पक्का ठरला तर कोर्स पूर्ण कराच, पण पोटासाठी: अल्सर आणि जठराच्या कॅन्सरचा धोका त्याने कमी होतो. खाजेसाठी सेटिरिझिनसारखी अँटिहिस्टामिन रोज, नेमाने. मी ती कोर्सच्या भरात सोडून दिली आणि रात्र रात्र खाजवत बसलो. नेहमीच्या डोसने भागलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ तो चौपटीपर्यंत वाढवू शकतात, पुढे ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन आहे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र टाळा. त्या गांधीही भडकवतात आणि जठरालाही त्रास देतात.

एखादी गांध एकाच जागी 24 तासांहून जास्त टिकली किंवा मागे काळानिळा डाग राहिला, तर ती डॉक्टरांना दाखवा. जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर थेट इमर्जन्सीत.