परतल्यावरचे परकेपण

प्रश्न : अनेक वर्षे परदेशात काढून आम्ही कायमचे परतलो. तिकडे रुळताना त्रास झाला, ते समजण्यासारखे होते. पण आपल्याच माणसांत अवघडल्यासारखे का वाटावे?

उत्तर : आपला अनुभव मुळीच जगावेगळा नाही. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये परदेशी रुळण्याची प्रक्रिया ‘यू’ अक्षरासारख्या वक्राने मांडली : आधी उत्साह, मग खचणे, मग हळूहळू सावरणे. परतणाऱ्यांच्या वाट्यालाही हाच चढउतार पुन्हा येतो, असे सांगून गलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्याने १९६३ मध्ये त्या वक्राला ‘डब्ल्यू’चे रूप दिले.

परतीचा उतार अधिक बोचतो, कारण जाताना मनाची तयारी केलेली असते, येताना मात्र ती करावी असे कोणालाच सुचत नाही. बँकेत कोणता कागद लागतो हेही नव्याने विचारावे लागते, आणि तिकडची आठवण काढली की दोन वाक्यांत विषय बदलतो. हे दुसरे दुःख मला अधिक खोल वाटते. तिकडच्या स्नेह्यांशी संपर्क तोडू नका, आणि आपल्या गैरहजेरीत घरच्यांनी काय सोसले तेही आवर्जून विचारा. मुले तिकडेच वाढली असतील, तर त्यांच्या दृष्टीने हे नवे स्थलांतरच आहे. त्यांना ‘आता आपण घरी आलो’ असे सारखे ऐकवू नका.