पासवर्ड बदलला, तरी घुसखोर आत कसा?

प्रश्न : घुसखोरी उघडकीस आल्यावर आम्ही विंडोज डोमेनमधील सर्वांचे पासवर्ड बदलले, तरीही आठवड्याभरात नवे पासवर्ड बाहेर गेले. असे कसे घडते?

उत्तर : पासवर्ड बदलण्याच्या क्रियेवरच कोणीतरी कान ठेवून असण्याची शक्यता आहे. संस्थांना पासवर्डविषयीचे स्वतःचे नियम लावता यावेत, म्हणून विंडोजमध्ये ‘पासवर्ड फिल्टर’ नावाची डीएलएल फाइल (विंडोजला जोडता येणारा कोड) जोडण्याची अधिकृत सोय आहे. नियम तपासायचा तर फिल्टरच्या हाती नवा पासवर्ड जसाच्या तसा द्यावा लागतो, आणि नेमके हेच हल्लेखोराच्या पथ्यावर पडते. प्रशासकाचे अधिकार मिळाले की तो डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सर्वांचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, आपली फाइल फिल्टर म्हणून नोंदवतो. मग जितक्या वेळा पासवर्ड बदलाल, तितक्या वेळा तो त्याला आयता मिळतो. २०१६ मध्ये उघड झालेल्या ‘प्रोजेक्टसॉरॉन’ या हेरगिरी मोहिमेने हीच वाट वापरली होती.

म्हणून क्रम उलटा करा. रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील) एलएसए या लॉगिन-सुरक्षेच्या विभागातल्या ‘नोटिफिकेशन पॅकेजेस’ आणि ‘सिक्युरिटी पॅकेजेस’ या, आपोआप लोड होणाऱ्या फाइलींच्या, याद्या स्वच्छ सर्व्हरवरील याद्यांशी ताडून पाहा. ऑडिट चालू असेल, तर सिक्युरिटी लॉगमधील ४६१४ आणि ४६२२ या इव्हेंटमध्ये कोणते पॅकेज लोड झाले ते दिसते. पासवर्डांचे त्यानंतर पाहावे.

प्रश्न : सर्व्हर रीस्टार्ट केल्याने हा उपद्रव जातो का?

उत्तर : क्वचित. २०१५ मध्ये उजेडात आलेला ‘स्केलेटन की’ हा घातक प्रोग्राम डोमेन कंट्रोलरच्या मेमरीतील एलसास या लॉगिन तपासणाऱ्या प्रक्रियेतच फेरफार करीत असे. त्यामुळे एकाच गुप्त पासवर्डने कोणाच्याही नावाने शिरता येई, शिवाय खरा पासवर्डही चालत राही, म्हणून वापरकर्त्याला काही जाणवत नसे. तो रीस्टार्टनंतर नाहीसा होई. रजिस्ट्रीत नोंदवलेली फाइल मात्र दर वेळी पुन्हा लोड होते. विंडोज ८.१ पासून उपलब्ध असलेले ‘एलएसए प्रोटेक्शन’ चालू केल्यास मायक्रोसॉफ्टची डिजिटल स्वाक्षरी नसलेली फाइल एलसासमध्ये लोड होत नाही. कर्नलपर्यंत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यापर्यंत, पोहोचलेल्या हल्लेखोरापुढे तेही अपुरे पडते, पण ते बंद ठेवण्याला माझ्या मते सबब नाही.

प्रश्न : आमचे सर्व्हर लिनक्सवर आहेत. आम्ही निश्चिंत राहावे का?

उत्तर : नाही. तेथे लॉगिनची पडताळणी ‘पॅम’ मॉड्यूलांकडे असते, आणि रूट (सर्वोच्च) अधिकार मिळालेला हल्लेखोर त्यांतले एखादे बदलून आपला गुप्त पासवर्ड त्यात पेरू शकतो. पॅकेज मॅनेजरने (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाने) फाइलींचे चेकसम, म्हणजे फाइल बदलली का ते दाखवणारे आकडे, तपासा. मात्र ज्या यंत्रावर संशय आहे त्याचीच साक्ष मानू नका, स्वच्छ यूएसबीवरून बूट करून ही तपासणी करा.