वाचकांचे प्रश्न : एका कऱ्हाडची तीन गावे

प्रश्न : आमच्या वाचनालयाची सभासद-नोंदवही मी पोस्टग्रेस-एसक्यूएल (पोस्टग्रेस) या डेटाबेसमध्ये भरली आहे. गावानुसार सभासद मोजण्यासाठी सारख्या नोंदी एकत्र करणारे ‘ग्रुप बाय’ वापरले, तर कऱ्हाड तीन वेगवेगळ्या ओळींत येते. तिन्ही शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसतात आणि ‘ट्रिम’ लावूनही काही फरक पडला नाही. चूक कुठे आहे?

उत्तर : चूक आपल्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, नाही; ती टंकलेखनात आहे. ‘ट्रिम’ शब्दाच्या दोन्ही टोकांचे साधे स्पेस तेवढे काढते. टॅब असेल तर तोही त्याला दिसत नाही, मग शब्दाच्या पोटात काय दडले आहे याच्याशी त्याचा संबंध येण्याचे कारणच नाही. अशा वेळी काहीही बदलण्याआधी मोजून पाहावे. सिलेक्टमध्ये, म्हणजे नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत, गावाच्या शेजारी चिन्हे मोजणारे ‘लेंग्थ(गाव)’ घ्या. आपल्या वर्णनावरून पाहता एका कऱ्हाडपुढे ६ आणि उरलेल्या दोहोंपुढे ७ येतील असा माझा अंदाज आहे.

वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात, पण संगणक क, ऱ, हलन्त, ह, काना आणि ड अशी सहा चिन्हे मोजतो. दुसऱ्या कऱ्हाडमध्ये ऱ हे एक चिन्ह नसून साधा र आणि त्याखालचा नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन चिन्हे असतात. तिसऱ्यात र आणि हलन्त यांच्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे झिरो-विड्थ जॉइनर, बसलेले असते. कीबोर्ड बदलला की हे असे घडते. टंकणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. (मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी ‘लेंग्थ’ऐवजी ‘कॅर-लेंग्थ’ वापरावे, कारण तेथे ‘लेंग्थ’ बाइट मोजते आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्यामुळे पहिल्याच कऱ्हाडची लांबी १८ भरते.)

नुक्त्याचा प्रश्न ‘नॉर्मलाइझ’ या फंक्शनने सुटतो. ते पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि र व नुक्ता यांचा मिळून एकच ऱ करते. जोडचिन्हाला मात्र ते हात लावत नाही, आणि येथेच बहुतेकजण घाई करतात. ‘रिप्लेस’ने जोडचिन्ह नुसते पुसून टाकले, तर मोकळा झालेला र् पुढच्या ह वर रफार होऊन चढतो आणि कऱ्हाडचे ‘कर्हाड’ होते. म्हणून र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिन्ही चिन्हे मिळून शोधावीत व त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवावेत. जोडचिन्ह टंकता येत नसेल तर ‘सीएचआर’ या फंक्शनला ८२०५ हा आकडा दिला की ते मिळते. आत हे ‘रिप्लेस’, त्याभोवती ‘नॉर्मलाइझ’ आणि सर्वांत बाहेर ‘ट्रिम’ अशी रचना करून तीच ‘ग्रुप बाय’मध्येही लिहा, म्हणजे तिन्ही गावे एक होतील. आडनावांच्या रकान्यातही हे एकदा करून पाहा. वऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांत हाच घोळ हमखास सापडतो.

प्रश्न : फोन क्रमांक कोणी मराठी आकड्यांत, कोणी इंग्रजीत, कोणी मध्ये स्पेस किंवा डॅश देऊन लिहिले आहेत. नमुन्यात बसणारा मजकूर बदलणाऱ्या ‘रेगेक्सपी-रिप्लेस’ने आकड्यांखेरीज सर्व काढायला सांगितले, तर काही क्रमांक पूर्ण नाहीसे झाले आणि काहींत एकच डॅश गेला.

उत्तर : या दोन स्वतंत्र चुका आहेत. आपण दिलेल्या नमुन्यात शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडे होते, त्यामुळे मराठी आकडे ‘आकडा नसलेली चिन्हे’ ठरून पुसले गेले. आधी ‘ट्रान्सलेट’ लावावे. त्याला रकाना, दहा मराठी आकड्यांची ओळ आणि त्याच क्रमाने दहा इंग्रजी आकड्यांची ओळ दिली की प्रत्येक आकडा आपल्या जोडीदारात बदलतो. एकच डॅश जाण्याचे कारण असे, की हे फंक्शन सवयीने पहिला सापडलेला तुकडाच बदलते. सगळे बदलायचे असतील तर शेवटी ‘जी’ हा ध्वज द्यावा लागतो. त्यानंतर ‘राइट’ने उजवीकडचे १० आकडे घेतले की सुरुवातीचा शून्य किंवा ९१ गळून पडतो. ज्यांची लांबी १० भरत नाही ते क्रमांक वेगळे काढून सभासदांना विचारूनच दुरुस्त करावेत, कारण गाळलेला आकडा कोणतेही फंक्शन शोधून देणार नाही. क्रमांकाचा रकाना मजकुराचाच ठेवा. त्याची कधी बेरीज करायची नसते.

प्रश्न : वर्गणीच्या तारखा ‘०५/०३/२०१९’ अशा मजकुराच्या रूपात आहेत. दर वेळी मजकुराची तारीख करणारे ‘टू-डेट’ लावतो, पण क्वेरी संथ चालते. ‘टू-डेट’वर इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) तयार होत नाही.

उत्तर : होणार नाही. ‘टू-डेट’ला पोस्टग्रेस अढळ, म्हणजे त्याच मजकुराला नेहमी तेच उत्तर देणारे, फंक्शन मानत नाही आणि इंडेक्ससाठी अढळ फंक्शनच लागते. सिलेक्टमधील फंक्शन दाखवण्यापुरते रूप बदलते, मूळ नोंद तशीच राहते. म्हणून हे काम दर वेळी नव्याने होते. आपण तारखेचा खरा रकाना जोडून एकदाच सर्व तारखा त्यात भराव्यात. साचा दिवस-महिना-वर्ष असाच द्या. हा क्रम उलटा दिला तरी ५ मार्चची ३ मे होईल आणि संगणक अवाक्षर काढणार नाही. तो तक्रार करतो ती १२ च्या पुढचा दिवस महिन्याच्या जागी आल्यावर. नव्या रकान्यावर इंडेक्स केल्यावर वर्ष वेगळे काढून तुलना करू नका, कारण रकान्याला फंक्शनने गुंडाळले की साधा इंडेक्स वापरला जात नाही. १ एप्रिल किंवा त्यानंतर आणि पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपूर्वी, असे लिहिले की आर्थिक वर्ष मिळते आणि इंडेक्सही कामी येतो.

मूळ नोंदी बदलणाऱ्या अपडेटपूर्वी ‘बिगिन’ द्या. बदललेल्या ओळींची संख्या आधीच्या सिलेक्टशी जुळली, तर ‘कमिट’ करून बदल कायम करा, नाहीतर ‘रोलबॅक’ करून ते मागे घ्या.