पावतीपुस्तक छापायची घाई करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात फोंडा तालुक्यातल्या गावात पंचायतीच्या इमारतीत वाचनालय आहे, पुस्तकं जुनी, वाचक रोडावलेले. तुम्ही आठ-दहा जण मित्रमंडळ काढून निधी जमवणार आहात. संस्था नोंदवावी का, पैसे कसे उभे करावेत, आणि इंग्लंडात स्विंडनला राहणारा मावसभाऊ मोठी रक्कम द्यायला तयार आहे ती घ्यावी का?

अशाच एका मंडळात मी बारा वर्षं आहे, त्यातली सहा खजिनदार होतो. म्हणून आधी हेच सांगतो: पावतीपुस्तक छापायला टाकलं असेल तर थांबवा. पहिल्यांदा ग्रंथपालबाईंकडे जाऊन बसा, एक नव्हे, चार संध्याकाळी. कोण येतं, काय मागतं, काय न मिळाल्यामुळे परत जातं, ते वहीत टिपा. आम्ही हे केलं नाही. उत्साहात वर्गणी काढली, दोन लाकडी कपाटं घेतली, नारळ फोडला, फोटो काढले. कपाटं ठेवली ती नेमकी पावसात पाझरणाऱ्या भिंतीला टेकून. चतुर्थीनंतर उघडून बघतो तर खालचे दोन खण वाळवीने फस्त केलेले. बाईंना कपाटं नकोच होती. त्यांना हवा होता दाराबाहेर एक दिवा, कारण अंधार पडला की मुली यायच्या बंद होत. दिव्याला किती खर्च आला ते सांगायलाही लाज वाटते.

दुसरी गोष्ट पहिल्याच बैठकीत ठरवून लिहून ठेवा: मंडळ कशाला पैसे देणार नाही. पगार, वीजबिल, छपराची डागडुजी, रोजची वर्तमानपत्रं ही चालकाची, म्हणजे तुमच्याकडे पंचायतीची जबाबदारी. एका वर्षी ‘एवढ्या महिन्यापुरतं’ म्हणून आम्ही पेपरवाल्याचं बिल भागवलं. पुढच्या अंदाजपत्रकात तो खर्चच नव्हता. सरपंचांचं म्हणणं सरळ होतं, ‘तुम्ही देताच आहात की!’ तो खर्च परत पंचायतीच्या गळ्यात घालायला तीन ग्रामसभा लागल्या. तेव्हा मागणी ग्रामसभेत करा, ती इतिवृत्तात आली की नाही ते बघा आणि प्रत मागून घ्या.

शेजारच्या महाराष्ट्राकडे बघून आपण उगाच हळहळतो. गोव्याला 1993 पासून स्वतःचा ग्रंथालय कायदा आहे आणि त्यात ग्रंथालयांसाठी दारू-बिअरवर अधिभाराची तरतूदही आहे. (म्हणजे बारमध्ये बसलेला प्रत्येक जण आपला आश्रयदाता. बायकोला सांगायला बरं.) पुस्तकखरेदीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत. त्या राज्याच्या यंत्रणेमार्फत येतात, म्हणून अर्जाची चौकशी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात करा. तिथे एक खेप मारलीत तर दहा वर्गण्यांचं काम होईल.

आता लोकांकडून पैसे. आपल्याकडे ही सवय जुनी आहे. पणजीला सरकारी ग्रंथालय 1832 मध्येच निघालं, पण मराठी वाचनालयं उभी राहिली ती बहुतेक लोकांच्या वर्गणीवर, विशेषतः 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक येऊन इथल्या हिंदूंना जरा मोकळा श्वास मिळाल्यावर. नाटकाचा प्रयोग लावायचा मोह तुम्हालाही होईल. लावा, पण जमाखर्च आधी मांडा. आमच्या पहिल्या प्रयोगाला सभागृह भरलं होतं. ध्वनी, प्रकाश, नेपथ्य, लेखकाचं मानधन आणि कलाकारांची भजी वजा जाता वाचनालयाच्या वाट्याला आली ती एका छोट्या कपाटाचीही किंमत नव्हती. त्यापेक्षा जत्रेत खाजाच्या दुकानांशेजारी जुन्या पुस्तकांचं टेबल मांडलं ते बरं चाललं. भांडवल शून्य, आणि येणारा माणूस दहा मिनिटं थांबून बोलतो. तिथेच आम्हाला चार नवे वाचकही मिळाले. देवळात पावणी, म्हणजे लिलाव, होते तशी एखाद्या दुर्मीळ दिवाळी अंकाची बोली लावून पाहा. गावकऱ्यांना ईर्ष्या चढली की भाव कुठल्या कुठे जातो.

‘पुस्तकं दान करा’ असं मोघम आवाहन मात्र करू नका. गोणीभर जुनी गाईडं आणि कसर लागलेली मासिकं येतात, आणि रद्दीत घातली की देणारा रुसतो. हव्या त्या पुस्तकांची यादी दारावर लावा.

नोंदणी? वर्षाला चार-पाच हजारांची उलाढाल असेल तर पहिलं वर्ष तशीच काढा. हिशोब दर तीन महिन्यांनी फलकावर लावा आणि पैसे एकट्याच्या खिशात ठेवू नका. त्यापुढे गेलात की बँकेत मंडळाच्या नावाचं खातं लागतं, आणि त्यासाठी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी नोंदवलेली बरी. त्याला किमान सात जण हवेत, तेवढे तुम्ही आहातच. लोक ज्याला 80जी म्हणतात ती करसवलत देणगीदाराला मिळावी म्हणून आयकर खात्याची वेगळी मान्यता घ्यावी लागते. तीही दोन हजारांवरच्या रोख देणगीला आणि दिलेल्या पुस्तकांना लागू नाही, नवी करप्रणाली निवडलेल्यालाही नाही. छोट्या मंडळाने या खटाटोपात पडू नये असं माझं मत आहे.

राहिला मावसभाऊ. आधी विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर तो दुबईत असो की स्विंडनला, स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे ही परदेशी देणगी ठरत नाही. पण पोर्तुगीज अमलातल्या आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला असेल, तर कायद्याने तो परदेशी. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी तेच. मग एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना मंडळाने त्याचा एक पैसाही घेऊ नये. ‘माझ्या खात्यात पाठव, मी मंडळाला देतो’ ही पळवाट सुचवणारा कोणीतरी बैठकीत निघतोच, त्याला तिथेच गप्प करा. भावाला स्पष्ट कळवा. डिसेंबरात गावी आला की संध्याकाळी वाचनालयात बसवा आणि तिकडची लायब्ररी कशी चालते ते मुलांना सांगायला लावा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.