दुसऱ्या फेरीची तारीख

पोरी,

तुझं पत्र मिळालं. मालिकेतली भूमिका हातात आहे, जिल्ह्याच्या बालविवाहविरोधी मोहिमेचा चेहरा व्हायला बोलावणं आलंय आणि त्यातच गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात. तिन्हींची उत्तरं याच आठवड्यात द्यायची आहेत. धीर धर, स्वप्नं बघ असलं काही मी लिहिणार नाही. अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओतून राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रापर्यंत आणि तिथून मुंबईपर्यंत तू गेलीस, तेव्हा धीर तुझ्याकडे आहेच. मी थेट कामाचं बोलते.

मोहिमेसाठी ज्या गावात एकदा जाशील, तिथे दुसऱ्यांदा जायचं. दुसऱ्यांदा जाणं जमणार नसेल तर पहिल्यांदाही जाऊ नकोस. तुला बाकी काही पटलं नाही तरी चालेल, एवढं मात्र पाळायचं.

पहिल्या फेरीत गाव तुला बघतं. शाल, नारळ, सरपंचांचं भाषण, मग मोबाइल घेतलेल्या पोरांचा घोळका. ज्या मुलीसाठी तू गेलेली असतेस ती मागे ओट्यावर भावाला कडेवर घेऊन उभी असते आणि काही विचारत नाही. तीच मुलगी दुसऱ्या फेरीत हापशावर हळूच विचारते, ‘ताई, दाखल्यावर तारीख चुकली असली तर काय करतात?’ या एका प्रश्नासाठी पेट्रोल जाळायचं असतं. तो पहिल्या दिवशी येत नाही, कारण पहिल्या दिवशी तू पाहुणी असतेस आणि पाहुण्यांना घरातलं कुणी सांगत नाही.

आता कायदा. तुला तो संवादासारखा पाठ हवा. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ चा, अमलात आला १ नोव्हेंबर २००७ ला. मुलगी १८, मुलगा २१. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. लग्नाला परवानगी देणाऱ्या किंवा हजर राहणाऱ्या स्त्रीला मात्र तुरुंगवास नाही. भाषणात सगळे इथवर येतात आणि थांबतात. खरी गोष्ट पुढे आहे. झालेला बालविवाह आपोआप रद्द होत नाही. तो रद्द करून घ्यावा लागतो आणि तो अर्ज मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसावं वर्ष पूर्ण होण्याआधी करता येतो. हे गावात कुणालाच ठाऊक नसतं. एकोणीस वर्षांची, कडेवर मूल असलेली मुलगी तुझं नाटक बघत असते आणि आपलं सगळं संपलं असं धरून चालते. तिच्याशी बोलणं पहिल्या फेरीत होत नाही.

लग्न थांबवणं हेही तसंच. १०९८ वर फोन गेला की निरोप जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. सोबत अंगणवाडी सेविका आणि पोलीस. वय शाळेच्या दाखल्यावरून किंवा जन्मदाखल्यावरून धरायचं. आधार कार्ड पुढे केलं तर ते वयाचा पुरावा नाही असं शांतपणे सांगायचं आणि शाळेत जाऊन जनरल रजिस्टर बघायचं. मग आईबापांचं हमीपत्र होतं, मुलगी बाल कल्याण समितीपुढे हजर होते, सगळे घरी जातात. चूक इथून सुरू होते. मंगळवारी थांबलेलं लग्न शनिवारी मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडच्या नातेवाइकाच्या अंगणात किंवा गुजरातेत लागतं. हमीपत्र हा सहीचा कागद आहे. त्यापेक्षा जड कागद कायद्यातच आहे. कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो आणि तो मोडून लग्न लावलं तर कलम १४ प्रमाणे ते लग्न मुळातच शून्य. मुलीला ते रद्द करून घ्यायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. म्हणून लग्न थांबलं की त्याच दिवशी बाल संरक्षण कक्षात विचारायचं, ‘मनाई हुकमाचा अर्ज कधी करताय?’ आणि आठ दिवसांत त्या घरी जायचं. नंतर महिन्यातून एकदा, ती अठराची होईपर्यंत. मी ‘दुसऱ्यांदा’ म्हणते तेव्हा ही सगळी जाणी-येणी त्यात धरलेली असतात.

महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ बावीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला हा आकडा. धुळे जिल्ह्याचा आकडा चाळीसच्या आसपास. भाषणात तो सांग, पण गावाला दोष देत सांगू नकोस. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं तर तेरा-चौदा वर्षांची मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईचा प्रश्न खोटा नाही. आठवीनंतरची शाळा आठ किलोमीटरवर आणि एसटी सकाळी एकच, हाही खोटा नाही. या प्रश्नांना उत्तर म्हणून वसतिगृहाचा अर्ज घेऊन गेलीस तर लोक ऐकतील. घोषणा घेऊन गेलीस तर टाळ्या वाजवतील.

त्यामुळे फेऱ्यांचं वेळापत्रक गावाच्या वर्षावर बसव. पहिली फेरी नवरात्र ते दिवाळी, टोळ्या निघायच्या आधी. दुसरी होळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. होळीला धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं कुठूनही घरी परततात आणि आखाजीच्या मुहूर्तावर लग्नांची गर्दी उसळते. आपल्याकडे आखाजी म्हणजे माहेर, झोका, गौराईची गाणी. ज्या झोक्यावर सासुरवाशीण बसते त्याच झोक्यावर यंदा लग्न ठरलेली नववीतली पोरगीही बसलेली असते. त्या बायकांत बसायला तुला भाषण लागत नाही, गाणं येतं तेवढं पुरे. तुझ्या कलेचा खरा उपयोग इथे आहे आणि तो मंचावरच्या उपयोगापेक्षा मोठा आहे.

पथनाट्याबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी चार गोष्टी. वीस मिनिटांच्या वर नेऊ नकोस, पण नंतरचा अर्धा तास राखून ठेव. सहा-सात जणांत बसव, माइक नको, हलगी पुरे. पारावर करू नकोस, पारावर पुरुष बसतात आणि बाया लांबून बघतात. अंगणवाडीपुढे किंवा बचत गटाच्या बैठकीच्या जागी कर. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या आत बाया शेतातून येत नाहीत, मग स्वयंपाक, म्हणजे आठनंतरच. बोली त्या गावची हवी. धुळे, साक्री, अमळनेरकडे अहिराणी चालेल, यावल-रावेरला लेवा बोली, आणि सातपुड्यात गेलीस तर पावरी किंवा भिली बोलणारी तिथलीच मुलगी मुख्य भूमिकेत घे, तू बाजूला राहा. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला सरकारी उत्तर मिळतं. ‘पोर कितला वरीसनी शे?’ असं विचारलंस की आई खरं वय सांगते. आणि गावातल्या कुणाचीही खरी गोष्ट नाटकात घालू नकोस, नाव बदलूनही नाही. दोन हजार वस्तीच्या गावात नाव बदलल्याने काही लपत नाही.

फोटो. थांबवलेल्या लग्नातल्या मुलीबरोबर तुझा फोटो कधीही, कुठेही नको. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आहे: अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, चित्र, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड. अधिकारी स्वतः म्हणतील, ‘मॅडम, एक फोटो.’ तू नाही म्हणायचं. आणि एखादी मुलगी तुला घरातल्या किंवा शाळेतल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगू लागली तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. पोक्सो कायद्याने ते कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. वचन देऊन मग कळवलंस तर ती पुन्हा कुणाशीच बोलणार नाही. आधीच सांग, ‘मला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन आणि तुझ्याजवळ राहीन.’ जवळ राहणं म्हणजे परत जाणं. मी तेच तेच लिहितेय हे मला ठाऊक आहे.

आता अभिनय. सोडायचा नाही. पूर्णवेळ समाजकार्यासाठी मालिका नाकारते म्हणालीस, तो विचार डोक्यातून काढ. काम असलेल्या नटीचा शब्द तहसील कचेरीत चालतो, काम नसलेलीचा दोन वर्षांत थांबतो. हे कडू आहे, पण तसंच आहे. १९८६ साली मुंबईत संजय गांधी नगरच्या झोपड्या तोडल्या तेव्हा शबाना आझमी उपोषणाला बसल्या. त्या चित्रपट करत होत्या, करत राहिल्या, आणि निवारा हक्काचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं धरून ठेवला. उपोषण ही पहिली फेरी होती. आपल्या शिरपूरच्या घरातली स्मिता पाटील घे. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यात. ही मुलगी भूमिका करता करता मुंबईच्या महिला केंद्राशी जोडलेली राहिली. तिला आयुष्य ३१ वर्षांचंच मिळालं, तेवढ्यात तिने दोन्ही केलं. युनिसेफने मे २०२४ मध्ये करीना कपूर खानला भारताची राष्ट्रीय राजदूत नेमलं, त्याच वेळी चार तरुणांना युथ अ‍ॅडव्होकेट केलं. त्या प्रत्येकाकडे आधीपासून स्वतःचा विषय होता, पद नंतर आलं. तुझ्याकडे पद आधी येतंय. म्हणून तुला जास्त जपावं लागेल.

मालिकेच्या करारात काय बघायचं ते लिहून ठेव. दैनंदिन मालिकेत महिन्याचे वीस-पंचवीस दिवस आणि बारा-बारा तास जातात. तेव्हा सही करण्याआधी दर महिन्याचे सलग तीन दिवस लेखी मागून घे, तोंडी कबुलीवर जाऊ नकोस. तीन मिळत नसतील तर दोन घे, पण सलग. मुंबईहून नंदुरबारला रात्रीच्या गाडीने जाऊन-येऊन एका दिवसात गाव होत नाही. ‘इतर कुठलंही सार्वजनिक काम परवानगीशिवाय नाही’ असं कलम असेल तर ‘विनामोबदला सामाजिक काम वगळून’ हे शब्द घालून घे. पैसे बहुधा नव्वद दिवसांनी हातात येतात, त्यातून दहा टक्के टीडीएस कापलेला असतो. विवरणपत्र भरलंस तर बसतो तेवढा परत मिळतो. पहिले तीन-चार महिने घरखर्चाला काही नसेल असं धरून चाल, नाहीतर त्याच अडचणीत तू ती क्रीमची जाहिरात घेशील.

त्या जाहिरातीला नाही म्हण. मुलगी लहान असली की हुंडा कमी लागतो, सावळी असली की वाढतो. लवकर लग्नाची ही दोन कारणं एकाच घरात एकाच रात्री बोलली जातात. सकाळी तू त्या घरात लग्न थांबवायला जाणार आणि संध्याकाळी त्यांच्याच टीव्हीवर गोरं व्हा म्हणणार? शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आणि वर्षभर जाहिरातबंदी होऊ शकते. यावर पुन्हा विचारू नकोस.

सामूहिक विवाह सोहळ्यांची निमंत्रणं तुला आता ढिगाने येतील. जोडप्यांची यादी आणि वयाचे दाखले आठ दिवस आधी मागव. बालविवाहाला हजर राहणं हेसुद्धा बालविवाह कायद्याच्या कलम ११ खाली गुन्ह्यात येतं. यादी आली नाही तर जायचं नाही, बोलावणारा कितीही मोठा असो.

आमच्या पिढीने गावं मोजली. अहवालात गावांची संख्या लागायची, तीच भरली. पैसे पहिल्या फेरीचेच मंजूर व्हायचे हे खरं, गाडी एकच होती हेही खरं. तरी नव्या गावाला जाण्याऐवजी जुन्या गावाला जाणं आमच्या हातात होतं. आम्ही नवं गाव निवडलं, कारण नव्या गावात स्वागत होतं आणि जुन्या गावात प्रश्न. त्यातल्या किती मुली वाचल्या असत्या हे मी मोजायचं थांबवलंय. आज कुणी वीस गावांचा कार्यक्रम घेऊन आलं की मी पाचच गावं घेते आणि लोक मला हटवादी म्हणतात. म्हणू देत. पाच गावांत चार वेळा गेलं तरी फेऱ्या वीसच होतात.

म्हणून जिल्ह्याच्या मोहिमेला असं उत्तर पाठव: वीस गावं नकोत, एकाच तालुक्यातली पाच, प्रत्येक गावी वर्षात चार फेऱ्या, दुसऱ्या फेरीचा गाडीखर्च आणि चहापाण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात, ग्रामपंचायतीचं पत्र, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पोलीस ठाण्याला कळवल्याची पोच आधी. शंभर पानी वही घे. डाव्या पानावर गाव, पहिली तारीख, अंगणवाडी सेविकेचं नाव, सातवी ते दहावीच्या मुलींचा पट. उजव्या पानावर दुसरी तारीख. ती पहिल्या फेरीआधी भरायची, पेनाने. दुसऱ्या फेरीत तोच पट पुन्हा शाळेतून घे आणि कमी झालेल्या प्रत्येक मुलीच्या घरी जा.

पाच गावं ठरली की नावं मला कळव. साक्री तालुक्यातली असली तर पहिल्या फेरीला मी येईन. दुसरीला तुझी तू जा.

तुझी,
ताई