निवृत्तीनंतर नव्या शहरात दोन तास हाताशी असतील तर

प्रश्न थोडक्यात असा: बँकेतून निवृत्त होऊन लातूरहून मुलाकडे पिंपरी-चिंचवडला आलोय. इथे ओळखीचं कुणी नाही. दुपारी चारला नातवाला शाळेच्या बसवरून आणायचं असतं, गुडघे कुरकुरतात. संस्था, बैठका, पदं यांत पडायचं नाही, पण कुणाच्या तरी उपयोगी पडावंसं वाटतं.

काका, माझं स्पष्ट मत सांगते. ओळखी व्हाव्यात म्हणून बाहेर पडू नका. ज्येष्ठ नागरिक संघात जरूर डोकावा, काही संघ खरोखर छान चालतात. पण नव्या माणसाला तिथे बरेच दिवस नुसतं ऐकून घ्यावं लागतं, आणि साखर, गुडघे, सून यापलीकडे विषय जाईलच असं नाही. त्यापेक्षा वार आणि वेळ ठरलेलं एखादं काम धरा, तुम्ही नाही गेलात तर कुणाचं तरी अडेल असं. एखाद्या मंगळवारी दांडी पडली की फोन येतो, "काका, बरे आहात ना?" ओळख तिथून सुरू होते.

मी अंध विद्यार्थ्यांसाठी वाचते. हल्ली मोबाइल वाचून दाखवतो, मग माणूस कशाला, असं मला नेहमी विचारतात. इंग्रजीचं बऱ्यापैकी भागतं. पण मराठी पुस्तक स्कॅन केलं की जोडाक्षरं फुटतात, दोन रकान्यांचा मजकूर एकमेकांत घुसतो आणि तक्त्यांचा तर चिवडा होतो. वर्गमित्राच्या हस्ताक्षरातल्या नोट्स तर यंत्राला बऱ्याचदा धड वाचता येत नाहीत. त्यामुळे एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलांना माणसाचा आवाज अजून लागतो.

वाचायचीही एक पद्धत आहे. फाइलच्या सुरुवातीला पुस्तकाचं आणि प्रकरणाचं नाव सांगायचं, पान बदललं की पानाचा आकडा. तक्ता आला तर आधी रकान्यांची नावं, मग एकेक ओळ आडवी. नकाशा आला तर "इथे नकाशा आहे" एवढ्यावर सोडायचं नाही. गोदावरी कुठे उगम पावते, कुठल्या जिल्ह्यांतून जाते, हे आपल्या शब्दांत सांगायचं. नवं विशेषनाम किंवा इंग्रजी संज्ञा आली की तिची अक्षरं एकदा फोडून सांगायची, कारण उत्तरपत्रिकेत ती लिहवून घ्यायची असते. आणि आवाज सपाट ठेवायचा. माझं वाचन ऐकून एक मुलगा म्हणाला होता, "काकू, नाटक नको, पुस्तक वाचा." ही मुलं दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात, त्या वेगात आपला अभिनय म्हणजे नुसता गोंधळ.

कॉपीराइटची धास्ती बाळगू नका. २०१२ च्या कायदादुरुस्तीने अपंग व्यक्तींना शिक्षणासाठी, संशोधनासाठी किंवा स्वतःच्या वापरासाठी सुलभ स्वरूपात पुस्तक करून द्यायला मुभा दिली आहे. मात्र तीच फाइल यूट्यूबवर टाकली किंवा सोसायटीच्या ग्रुपवर फिरवली की ती मुभा संपली. वाचक हवेत का, हे नॅबच्या (अंधांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) जवळच्या शाखेत किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात विचारा. रेकॉर्डिंग घरबसल्या होतं, गुडघ्यांचा प्रश्नच नाही. पंखा तेवढा बंद ठेवा.

परीक्षेला लेखनिक म्हणून बसायचा उत्साह अनेकांना येतो. तुमच्या बाबतीत मी तो सुचवणार नाही. नियम परीक्षेगणिक बदलतात, पण साधारणपणे लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो. तुम्ही पदवीधर असाल तर बी.कॉम.च्या मुलासाठी तुम्ही चालणार नाही, अकरावीतली पुतणी चालेल. शिवाय या मुलांना तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांवर जातो. दुपारचा पेपर असला तर नातू बसस्टॉपवरच राहील.

तुमच्यापाशी मात्र एक गोष्ट आहे जी माझ्यापाशी नाही: बँकेतला अनुभव. नोव्हेंबरात सोसायटीतल्या किती पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ होते ते बघा. जीवन प्रमाण ही डिजिटल दाखल्याची सरकारी सोय आल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, हे ऑनलाइन करता येतं आणि आता चेहरा दाखवून मोबाइलवरही होतं, पण म्हाताऱ्या माणसाला त्याची भीती वाटते. पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर, खाते क्रमांक, आधार आणि आधारशी जोडलेला मोबाइल समोर असला की फार वेळ लागत नाही. केंद्र सरकारच्या ऐंशी पार केलेल्या पेन्शनरांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून पेन्शन घेणाऱ्यांना, तर महिन्याची अटच नाही, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. हे न कळल्यामुळे बिचारे नोव्हेंबरच्या रांगेत उभे राहतात. फॉर्ममध्ये पुनर्विवाह झाला आहे का असा प्रश्न असतो. ऐंशीच्या आजींना तो विचारून बघा, पुढची दहा मिनिटं फुकट करमणूक.

सोसायटीच्या ऑफिसात आठवड्यातून एकदा, अकरा ते साडेबारा, एवढी पाटी लावली तरी पुरे. ठेवींना नॉमिनी लावलाय का, जुनं खातं बंद पडलंय का, असे प्रश्न आपोआप येतील. दोन बंधनं पाळा. ओटीपी त्यांचा त्यांनीच टाकायचा, तुम्ही फोन हातात घ्यायचासुद्धा नाही. नजर कमी असेल तर घरचं कुणी सोबत हवं. आणि पैसे कुठे गुंतवू, या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. व्याज बुडालं की पहिलं नाव सल्ला देणाऱ्याचं निघतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

रक्तदान मनात असेल तर एवढंच: वयाची मर्यादा ६५ असली तरी साठीनंतर पहिल्यांदाच देणाऱ्याचं घेत नाहीत. पूर्वी दिलं असेल तर रक्तपेढीत विचारा.

सेक्रेटरींना आत्ताच भेटा. दिवाळीच्या तोंडावर ऑफिसची खोली फटाक्यांच्या वर्गणीने आणि फराळाच्या ऑर्डरींनी भरलेली असते, तेव्हा टेबल मिळणार नाही. खुर्ची मात्र घरून न्या, पाठीला आधार असलेली.