किरणोपचारानंतर स्वरयंत्राची कूर्चा झिजते तेव्हा

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 61) स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी गेल्या वर्षी सात आठवडे रेडिएशन दिले आणि गाठ पूर्ण गेल्याचे सांगण्यात आले. आता दहा महिन्यांनी आवाज पुन्हा बसला आहे, गिळताना कळ थेट कानात जाते आणि तोंडाला घाण वास येतो. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून सूज असल्याचे सांगितले, सीटी स्कॅन करायला लावला. परंतु तुकडा काढून तपासण्याची (बायोप्सीची) घाई नको म्हणाले. आजार उलटला असेल तर हा वेळ वाया जाणार नाही का? त्यांचा खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) अजून सुटलेला नाही.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे कर्करोग परतल्यावर दिसतात, तशीच ती रेडिएशनमुळे स्वरयंत्राची कूर्चा (त्याला आकार देणारे मऊ, लवचिक हाड) मृत होऊ लागल्यावरही दिसतात, आणि केवळ लक्षणांवरून या दोहोंत फरक करणे अनुभवी डॉक्टरांनाही जमत नाही. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण तिच्यावरील पातळ आवरणातून होते. साधारण 66 ते 70 ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक) इतक्या मात्रेनंतर त्या आवरणातील बारीक रक्तवाहिन्या काही जणांमध्ये हळूहळू बंद होत जातात, आणि वरचे अस्तर कुठे फाटले की तोंडातील जंतू उपाशी कूर्चेपर्यंत पोहोचतात. वास येतो तो त्यामुळे. हा त्रास थोड्याच रुग्णांना होतो. बहुधा पहिल्या वर्षभरात, क्वचित अनेक वर्षांनीही.

तुकडा काढण्याबाबत आपल्या डॉक्टरांनी दाखवलेला सावधपणा मला योग्य वाटतो. रक्तपुरवठा तुटपुंजा असलेल्या जागी खोल तुकडा घेतला तर ती जखम भरत नाही आणि कूर्चेचा नाश वाढू शकतो. शिवाय परतलेला कर्करोग पुष्कळदा वरून धड दिसणाऱ्या अस्तराखाली दडलेला असतो, त्यामुळे तुकडा निर्दोष आला तरी कर्करोग नाहीच, असे म्हणता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये कूर्चेचे तुकडे पडलेले, ती कोसळलेली किंवा तिच्यालगत हवेचे बुडबुडे दिसले तर मृत कूर्चेकडे बोट जाते. भरीव गाठ दिसली तर संशय कर्करोगाचा. साखर जास्त वापरणाऱ्या पेशी उजळून दाखवणारा पेट स्कॅन निर्दोष आला तर मोठा दिलासा मिळतो, मात्र जंतुसंसर्ग आणि सूजही त्यात उजळून दिसते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून प्रतिजैविके, मोजके दिवस स्टेरॉइड, आम्लपित्ताचे औषध, वाफ आणि आवाजाला विश्रांती देऊन काही आठवड्यांत पुन्हा दुर्बिणीतून पाहणे ही रीत आहे. मात्र ती पुढची तारीख आजच ठरवून घ्या. तारखेविना थांबणे म्हणजे वेळ घालवणेच. सूज उतरली नाही, स्वररज्जू हलेनासा झाला किंवा नवी गाठ दिसली, तर भूल देऊन तुकडा घेणे टाळू नये.

1979 साली चँडलर या डॉक्टरांनी या विकाराच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिल्या दोन सहसा औषधांनी आटोक्यात राहतात. पुढच्या दोन पायऱ्यांत श्वास अडू लागतो. तेव्हा गळ्याला छिद्र करून नळी बसवावी लागते, कधी नाकातून नळीने अन्न द्यावे लागते. उच्च दाबाच्या कक्षात प्राणवायू देण्याचे उपचारही आहेत (साधारण 90 मिनिटांची एक बैठक, अशा 20 ते 40), परंतु त्यांना मोठ्या चाचण्यांचा भक्कम आधार नाही. स्वरयंत्र इतके निकामी झाले की घास वारंवार फुप्फुसात उतरतो, तर कर्करोग नसतानाही ते काढावे लागते. त्यानंतर बोलण्यासाठी कृत्रिम झडप बसवता येते.

खर्र्याविषयी मी आग्रहाने सांगतो. पन्नीत घोटलेली ती सुपारी-तंबाखू वडील गालात धरतात, तेव्हा निकोटीन रक्तात उतरून आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळते. ‘एकच पुडी’ ही सवलतही देऊ नका. मधुमेह असल्यास साखर काबूत ठेवा आणि मानेला रेडिएशन झाले असल्याने थायरॉइडची तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करून घ्या.

श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला, अथवा त्यांना आडवे झोपता येईनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील सरकारी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात न्या आणि रेडिएशनची मात्रा लिहिलेले जुने कागद सोबत ठेवा.